‘चोकोलातीतो’ चार वेळा कसा हरला? सुपर फ्लायवेट बॉक्सिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाराग्वाचा रोमान गोन्झालेस, टोपणनाव ‘चोकोलातीतो’, हा लहान वजनगटांतला आपल्या काळातला सर्वांत देखणा बॉक्सर. सोलापुरात बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर त्याच्या लढती असतातच, आणि प्रश्न बहुतेक त्याच्या विजयांबद्दल नसतात. ‘एवढा भारी होता, मग हरला कसा बे?’ हाच पहिला प्रश्न. त्याची आणि त्याला चिकटून येणाऱ्या इतर प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

तो एकूण किती लढती हरला?

जुलै २०२४ मध्ये मानाग्वात त्याने रोबेर बारेराला हरवलं. त्या लढतीपर्यंतचा हिशेब असा: ५६ लढती, ५२ विजय, ४ पराभव. विजयांपैकी ४२ नॉकआउट. चारही पराभव ११५ पौंडांच्या गटात, म्हणजे सुपर फ्लायवेटमध्ये. त्याआधीच्या तीन गटांत तो एकदाही हरला नाही. पहिल्या ४६ लढती त्याने सलग जिंकल्या होत्या.

दोन पराभव थायलंडच्या श्रीसाकेत सोर रुंगविसाईकडून, दोन्ही २०१७ मध्ये. दोन मेक्सिकोच्या हुआन फ्रान्सिस्को एस्त्रादाकडून, २०२१ आणि २०२२ मध्ये. चारपैकी एकच नॉकआउट आहे. बाकी तीन कागदावरचे, म्हणजे जजांच्या गुणांवर ठरलेले, आणि त्या तिन्हींत अंतर इतकं कमी आहे की नुसता ‘हरला’ हा शब्द वाचून काहीच कळत नाही.

सुपर फ्लायवेट म्हणजे नेमकं किती किलो?

११५ पौंड, म्हणजे ५२.१६ किलो. ही कमाल मर्यादा. खालचा फ्लायवेट ११२ पौंडांचा (५०.८० किलो) आणि वरचा बँटमवेट ११८ पौंडांचा (५३.५२ किलो). दोन गटांत जेमतेम १,३६० ग्रॅमचा फरक. हौशी बॉक्सिंगमध्ये या वजनाचा स्वतंत्र गट नाही. हौशी बॉक्सिंगची जागतिक संघटना ‘वर्ल्ड बॉक्सिंग’च्या पुरुष गटांत ५० नंतर थेट ५५ किलो येतो. त्यामुळे आपल्याकडचा ५२ किलोचा मुलगा एकतर दोन किलो उतरवतो, नाहीतर ५५ मध्ये मोठ्या अंगाच्या पोरांशी खेळतो.

श्रीसाकेतविरुद्धच्या पहिल्या लढतीत जास्त ठोसे गोन्झालेसचे लागले, तरी तो हरला. हे कसं?

१८ मार्च २०१७, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीनुसार गोन्झालेसचे ४४१ ठोसे लागले, श्रीसाकेतचे २८४. तीन जजांचे आकडे मात्र ११४-११२, ११४-११२ श्रीसाकेतच्या बाजूने आणि तिसऱ्याचं ११३-११३. दोन जज एका बाजूला आणि तिसरा बरोबरीवर, याला मेजॉरिटी डिसिजन म्हणतात.

ठोशांची बेरीज कुणी करत नाही, प्रत्येक फेरी वेगळी मोजली जाते. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. कुणी खाली पडला तर त्याला साधारण ८. एका फेरीत तुम्ही ५० ठोसे जास्त लावले तरी मिळतो एकच गुण, आणि पुढच्या फेरीत दोन ठोशांनी मागे पडलात की तो गेला. त्यात श्रीसाकेतचा प्रत्येक ठोसा वजनदार होता, आणि जज वजनही बघतात.

आता आकडे उलगडू. पहिल्याच फेरीत शरीरावर बसलेल्या ठोशाने गोन्झालेस खाली गेला, म्हणजे त्याचा एक जास्तीचा गुण गेला. सहाव्या फेरीत डोकं मारल्याबद्दल श्रीसाकेतचा एक गुण कापला गेला. दोन्ही कपाती एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे ११४-११२ चा अर्थ सात फेऱ्या श्रीसाकेतच्या, पाच गोन्झालेसच्या. ११३-११३ म्हणजे सहा-सहा.

यातली मेख अशी: ११४-११२ देणाऱ्या दोघांपैकी एकाच जजने एकच फेरी उलटी दिली असती, तर दोन कार्डं (जजांच्या गुणपत्रिका) बरोबरीची झाली असती आणि लढत बरोबरीत सुटली असती. बरोबरीत जगज्जेतेपदाचा पट्टा जुन्या विजेत्याकडेच, म्हणजे इथे गोन्झालेसकडेच, राहतो. ४६ सलग विजयांनंतरचा हा पहिला पराभव एका माणसाच्या एका फेरीवर उभा आहे. आमच्या मते निकाल उलटा लागायला हवा होता, पण ‘दरोडा’ म्हणण्याइतकी ती लढत एकतर्फी नव्हती. पहिल्या फेरीत खाली पडलेल्या माणसाने काठावरच्या निकालाबद्दल फार बोलू नये.

त्या लढतीत एवढं रक्त कशामुळे?

डोक्याच्या टकरींमुळे. गोन्झालेस उजव्या ठेवणीचा, श्रीसाकेत डावखुरा. अशा जोडीत दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात, आणि दोघेही वाकून आत घुसले की कपाळं आधी भेटतात. दोघेही मागे न हटणारे असले तर हे टळत नाही. गोन्झालेसच्या डोळ्यावर जखम झाली आणि रक्त डोळ्यात उतरत राहिलं.

नियम इथे तपासूनच घ्यावा. टक्कर चुकून झाली आणि जखमेमुळे चार फेऱ्या पूर्ण होण्याआधी लढत थांबली, तर निकालच लागत नाही. चार फेऱ्या झाल्या असतील तर तोवरचे गुण मोजून निकाल देतात. डब्ल्यूबीसीचा (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, जगज्जेतेपदाचा पट्टा देणारी एक व्यावसायिक संघटना) आणखी एक नियम आहे: टक्कर चुकून झाली तरी ज्याला जखम झाली नाही त्याचा एक गुण कापतात. श्रीसाकेतला या वाटेने पट्टा जाण्याचा अनुभव आधी आला होता. मे २०१४ मध्ये कार्लोस क्वाद्रासशी लढत टकरीच्या जखमेमुळे आठ फेऱ्यांवर थांबली, गुण मोजले गेले आणि तो हरला.

कॉर्नरवाल्यासाठी, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये बॉक्सरला सांभाळणाऱ्यासाठी: दोन फेऱ्यांमध्ये ६० सेकंद असतात, पण बॉक्सर स्टुलावर बसून कामाला लागेपर्यंत त्यातले दहा जातात आणि शेवटचे दहा उठण्यात. उरलेल्या चाळीसांत आधी स्वच्छ कापडाने कोरडं पुसायचं, मग १:१००० ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जखमेच्या आत सरळ दाबून धरायचा, निदान तीस सेकंद, मध्ये उचलून बघायचं नाही. शेवटी वरून व्हॅसलीन. चूक नेहमी एकच होते: घाईत आधी व्हॅसलीन फासतात, मग औषध आत पोचतच नाही. अर्थात हे व्यावसायिक लढतीचं झालं, आणि हे काम प्रशिक्षित कटमॅनचंच (जखमा सांभाळणारा माणूस). हौशी स्पर्धेत निर्णय रिंगच्या डॉक्टरचा.

दुसऱ्या लढतीत चौथ्या फेरीत नेमकं काय झालं?

९ सप्टेंबर २०१७, कॅलिफोर्नियातलं कार्सन. त्याच रात्री एस्त्रादाने क्वाद्रासला तिन्ही कार्डांवर ११४-११३ असं हरवलं आणि नाओया इनोउएने अमेरिकेत पहिली लढत खेळली. ११५ पौंडांच्या गटाला मोठं मैदान मिळालं ते इथून.

व्हिडिओ हळू करून बघा. गोन्झालेसची ताकद म्हणजे तो पाच-सहा ठोशांची माळ लावतो आणि प्रत्येक ठोशाबरोबर अर्धं पाऊल पुढे सरकतो. त्यासाठी त्याला समोरच्याच्या छातीजवळ उभं राहावं लागतं. खालच्या गटांत समोरचा माणूस त्या माऱ्याने मागे हटायचा. श्रीसाकेत हटला नाही. तो मार खात जागेवर थांबला आणि गोन्झालेसचे हात चालू असतानाच पुढच्या हाताचा, म्हणजे उजवा हुक (कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा) मारला. डावखुऱ्याचा उजवा हुक आपल्या डाव्या गालावर येतो. तिथे ढाल म्हणून आपला डावा हात हवा, आणि गोन्झालेसचा तो हात त्या क्षणी ठोसा मारण्यात गुंतलेला. तो पडला, उठला, पुन्हा त्याच हुकने पाठीवर आडवा झाला. चौथ्या फेरीचा १ मिनिट १८ सेकंदांचा वेळ झाला होता.

यात नशिबाचा भाग नव्हता. पहिल्या लढतीत दिसलेलीच गोष्ट श्रीसाकेतने सहा महिन्यांनी पुन्हा केली, एवढंच.

डावखुऱ्यासमोर हे टाळायचं कसं? पाय बाहेर ठेवायचा एवढंच सांगतात.

एवढंच सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो. आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवला की त्याच्या डाव्या सरळ ठोशापासून आपण लांब जातो, हे खरं. पण त्याच वेळी त्याच्या उजव्या हुकजवळ जातो. म्हणून पाय बाहेर गेला की डावा ग्लोव्ह गालाला चिकटलेला हवा आणि उजवा सरळ ठोसा लगेच सुटायला हवा. पाय बाहेर ठेवून बघत उभं राहणं हे सर्वांत वाईट.

सराव असा करा. जमिनीवर दोन हात लांबीची टेप चिकटवा. जोडीदार डावखुऱ्या ठेवणीत, त्याचा पुढचा पाय टेपवर. तुम्ही डावा पाय टेपच्या बाहेर टाकायचा, एक उजवा सरळ मारायचा आणि लगेच एक पाऊल आणखी डावीकडे निघून जायचं. जोडीदार प्रत्येक वेळी हळू उजवा हुक फिरवणार. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, पहिली फेरी ठोशांशिवाय, फक्त पाय. हुक गालाला लागला तर दोष पायाचा नसतो, डावा हात खाली आलेला असतो.

दुसरी गोष्ट उजव्या कोपराची. यकृत शरीराच्या उजव्या बाजूला, आणि डावखुऱ्याचा ताकदीचा हात डावा. तो सरळ तिथेच येतो. जून २०२४ मध्ये फिनिक्समध्ये जेसी ‘बॅम’ रॉड्रिगेस या डावखुऱ्याने एस्त्रादाला सातव्या फेरीत संपवलं ते शरीरावरच्या ठोशानेच.

तो वजनगट वर गेला म्हणून हरला का?

मोठ्या प्रमाणात हो. २००८ मध्ये तो १०५ पौंडांत, म्हणजे ४७.६ किलोत जगज्जेता झाला. मग १०८, मग ११२ (२०१४ मध्ये तोक्योत अकिरा याएगाशीला हरवून), आणि सप्टेंबर २०१६ मध्ये क्वाद्रासला हरवून ११५. चार गटांत जगज्जेता होणारा निकाराग्वाचा तो पहिला. त्याचे गुरू अलेक्सिस अर्ग्वेयो तीन गटांवर थांबले होते. ४७.६ वरून ५२.१६ म्हणजे साडेचार किलो. आकडा छोटा वाटतो, पण त्याच्या मूळ वजनाच्या तो जवळजवळ दहा टक्के आहे. पाच फूट तीन इंचांचा माणूस वर गेला की त्याचा ठोसा तितकाच राहतो, समोरच्याची सहनशक्ती वाढते.

पण फक्त वजनावर ढकलून मोकळं होऊ नये. क्वाद्रासशी झालेली लढतही त्याला महागात पडली होती, जिंकूनसुद्धा चेहरा सुजला होता. त्यानंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याचे प्रशिक्षक अर्नुल्फो ओबांदो वारले. पुढच्याच लढतीत समोर श्रीसाकेत होता.

एस्त्रादाविरुद्धच्या २०२१ च्या लढतीत ११७-१११ हे गुण कुठून आले?

१३ मार्च २०२१, डॅलस. आधी २०१२ मध्ये लॉस एंजेलिसला दोघे १०८ पौंडांत भेटले होते आणि गोन्झालेस एकमताने जिंकला होता. आठ वर्षांनी दुसरी भेट. दोघांनी मिळून २,५२९ ठोसे मारले, लागले गोन्झालेसचे ३९१ आणि एस्त्रादाचे ३१४. कार्डं: एक ११५-११३ गोन्झालेसला, एक ११५-११३ एस्त्रादाला, आणि तिसरं ११७-१११ एस्त्रादाला.

११७-१११ म्हणजे नऊ फेऱ्या एस्त्रादाच्या, तीन गोन्झालेसच्या. हे कार्ड समजावून सांगता येत नाही, त्यावर जगभर टीका झाली आणि ती योग्य होती. पण लोक एक गोष्ट विसरतात. त्या जजने ११५-११३ दिलं असतं तरी एस्त्रादाच जिंकला असता. निकाल त्या वेड्या कार्डाने लागला नाही, अंतर किती याने काही फरक पडत नाही. प्रत्येक जजचं मत एकच मोजतात. शिव्या घालायच्याच तर मधल्या ११५-११३ ला घाला: त्यातल्या दोन फेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर गोन्झालेस जिंकला असता, एक झाली असती तर बरोबरी.

या चारही लढतींत तरुणांनी आधी कोणती बघावी असं कुणी विचारलं तर हीच. शेवटची फेरी तर तीनदा बघावी.

आणि चौथा पराभव?

३ डिसेंबर २०२२, ग्लेनडेल, ॲरिझोना. ११४-११४, ११५-११३, ११६-११२, एस्त्रादा विजयी. रिकामा झालेला डब्ल्यूबीसीचा पट्टा पणाला होता. एस्त्रादाने सुरुवातीला आघाडी घेतली, गोन्झालेस उशिरा तापला. ३५ व्या वर्षी हे व्हायचंच. इथे तक्रारीला फारशी जागा नाही.

मग चारपैकी ‘खरा’ पराभव कोणता?

कार्सनचा. तो चीतपट. कुस्तीचं मैदान बघितलेल्या सोलापूरकराला त्यात विचारण्यासारखं काही उरत नाही. ग्लेनडेलचा मान्य करण्यासारखा. न्यूयॉर्क आणि डॅलसचे दोन निकाल आम्ही उलटे दिले असते, पण दोन्हीकडे दुसऱ्या बाजूला जागा आहे.

स्वतः गुण कसे लिहायचे?

वहीचं एक पान घ्या, बारा ओळी, तीन रकाने: लाल, निळा, शेरा. आवाज बंद करा. समालोचक एका बॉक्सरच्या नावाने ओरडत असला की तुमचं कार्ड त्याचंच होतं, हे दहापैकी आठ जणांच्या बाबतीत घडताना दिसतं. घंटा वाजल्यावर दहा सेकंदांत आकडा लिहून मोकळं व्हा, मागची फेरी खोडायची नाही.

बघायच्या गोष्टी चार: स्वच्छ आणि परिणाम करणारे ठोसे, फायद्याची आक्रमकता, रिंगवर ताबा, बचाव. पण पहिलीचा भार बाकी तिन्हींपेक्षा जास्त. ग्लोव्हवर किंवा दंडावर बसलेला ठोसा मोजू नका. नुसतं पुढे चालणं म्हणजे आक्रमकता नव्हे. १०-१० शक्यतो टाळा.

शेऱ्याच्या रकान्यात, जी फेरी कुणालाही देता आली असती तिथे प्रश्नचिन्ह करा. शेवटी प्रश्नचिन्हं मोजा. जिंकणाऱ्याने एकाच फेरीने बाजी मारली असेल आणि तुमच्या पानावर चार प्रश्नचिन्हं असतील, तर जजांनी फसवलं म्हणायचा हक्क तुम्हाला नाही. डॅलसच्या लढतीला आम्ही हे करतो तेव्हा पाचाच्या खाली प्रश्नचिन्हं येत नाहीत.

५२ किलोवर येण्यासाठी रेनकोट घालून पळतात, ते बरोबर आहे का?

नाही, आणि सोलापुरात तर मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला टेकतो. त्यात रेनकोट घातला की घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि उष्माघात होतो. शिवाय उतरतं ते पाणी. मेंदूभोवतीचं पाणी कमी झालेल्या अवस्थेत डोक्यावर ठोसा खाणं हा दुहेरी धोका.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्येही शेवटच्या दिवसावर सगळं ढकलू देत नाहीत. डब्ल्यूबीसी ३० दिवस आधी वजन मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत मागते आणि ७ दिवस आधी ५ टक्क्यांच्या आत. ५२.१६ साठी ते अनुक्रमे साधारण ५७.४ आणि ५४.८ किलो होतं. हौशी मुलांसाठी याहून कडक राहा: स्पर्धेला आठवडा उरला की दीड किलोपेक्षा जास्त उतरवायचं शिल्लक नसावं. जास्त असेल तर वरच्या गटात नाव द्या. अठरा वर्षांखालच्या मुलांनी पाणी तोडून वजन उतरवूच नये.

जेवणात मिठावर लक्ष ठेवा. कडक भाकरीने वजन बिघडत नाही, तिच्याबरोबरची शेंगाचटणी आणि लोणचं बिघडवतात. मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा पाऊण किलोने वर असतो. वजन झाल्यावर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट करून तासाभरात. घटाघट प्यायलात तर उलटी होते. त्यानंतर मऊ भात, केळं. शीक-कबाब लढत संपल्यावर.

नॉकआउट झाल्यावर पुन्हा कधी खेळावं?

गोन्झालेस कार्सननंतर थेट सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे वर्षाने उतरला. मोइसेस फुएन्तेसला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये काल याफाईला नवव्या फेरीत थांबवून पुन्हा जगज्जेता झाला. घाई केली असती तर ती दुसरी खेळी बघायला मिळाली नसती.

तालमीतल्या मुलाला डोक्यावर जोराचा मार बसून पाय लटपटले, तरी किमान महिनाभर स्पॅरिंग (सरावाची लढत) बंद, आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय सुरू नाही. त्या रात्री वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून न उठणं, बोलण्यात गडबड यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा. ‘झोपला की बरा होईल’ हे वाक्य घरात चालू देऊ नका.

या गटातल्या इतर मोठ्या नावांचे पराभव?

खाओसाई गॅलक्सी: ४८ लढती, एकच पराभव, तोही १९८१ मध्ये, जगज्जेता होण्याच्या तीन वर्षं आधी. श्रीसाकेत स्वतः पहिल्या पाच लढतींत तीन हरला आणि एक बरोबरीत सोडवली. पहिलीच लढत जपानमध्ये याएगाशीकडून तिसऱ्या फेरीत हरला होता. ती सुरुवात बघून कुणी त्याला पुन्हा रिंगमध्ये उभं केलं नसतं.

अशा लढती सोलापुरातून थेट बघायच्या तर किती वाजता?

अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे इथे रविवार सकाळ. मुख्य लढत साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून त्या काळात तासभर आधी बसा. ॲरिझोना राज्य मात्र घड्याळ बदलत नाही, तिथल्या लढतीला हा नियम लावू नका. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडे रात्री नऊला सुरू होणारी लढत इथे संध्याकाळी साडेपाचला दिसते.